सल्ला न देण्याची पदवी

माणूस सल्ला देण्याची क्षमता घेऊनच जन्माला येतो. ती घालवण्यासाठी मात्र त्याला पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. हे शिक्षण दोन वर्षांचे असून ते आता भंडाऱ्यात उपलब्ध आहे, ही जिल्ह्याच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे. (पूर्वी त्यासाठी नागपूरला जावे लागे. पण एसटीतले सहप्रवासी वाटेतच इतके सल्ले देत, की बरेच विद्यार्थी मौद्याला उतरून परत येत.)

एम. ए. समुपदेशन या अभ्यासक्रमाचा सारा डोलारा नियमावलीतल्या सातव्या कलमावर उभा आहे: 'प्रशिक्षणार्थीने कोणत्याही परिस्थितीत सल्ला देऊ नये. समोरच्या व्यक्तीला तिचा मार्ग तिचा तिला सापडू द्यावा.' पहिल्या सत्रात मान हलवायला शिकवतात. दुसऱ्या सत्रात 'हं' म्हणायला शिकवतात. 'हं'चे एकूण सहा प्रकार असून त्यांपैकी चौथा, म्हणजे 'तुमचे दुःख माझ्यापर्यंत पोचले, पण मी काही करणार नाही' असा 'हं', परीक्षेला हमखास येतो. तिसऱ्या सत्रात शांत बसणे हा शंभर गुणांचा विषय आहे. त्यातले चाळीस गुण तोंडी परीक्षेला असतात. चौथ्या सत्रात प्रत्यक्ष माणसे.

विभागप्रमुख डॉ. भुपेंद्र लांजेवार यांनी अभ्यासक्रम सुरू करण्याआधी जिल्ह्याची रीतसर पाहणी केली होती. तक्रार कानावर पडल्यापासून सल्ला तोंडातून बाहेर पडेपर्यंत भंडारा जिल्ह्यात सरासरी चार सेकंद लागतात. एसटी स्टँडवर दोन. आणि जवळच्या नातेवाइकांत तक्रार सुरू होण्याआधीच सल्ला येऊन गेलेला असतो. प्रश्नावली चारशे बारा लोकांना देण्यात आली. नऊ जणांनी ती भरली. उरलेल्यांनी ती कशी असायला हवी होती ते सांगितले. अशा जिल्ह्याला न बोलणाऱ्या माणसांची नितांत गरज आहे, असा निष्कर्ष सरांनी काढला आणि तो कोणालाही पटावा असाच होता.

रुचिका हेडाऊ हिला हे शिक्षण जड गेले. तिच्या घरी तीन पिढ्यांचा हातमागाचा धंदा आणि साड्यांचे दुकान. 'ही माझ्यावर कशी दिसेल?' असे गिऱ्हाइकाने विचारले की तोंड उघडावेच लागते, अशा घरात ती वाढलेली. त्यामुळे पहिल्या सत्रात तिला जिभेखाली विलायची धरून बसवले होते. विलायची चावली गेली की एक गुण कमी. वर्षभरात तिने दोन डब्या संपवल्या, पण दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर समोर एक जण पत्नी सोडून गेल्याचे सांगत असताना ती सलग बावीस मिनिटे नुसती मान हलवू शकली, तेव्हा सरांचे डोळे भरून आले.

एवढे सगळे ती सोसत होती, कारण तुमसरच्या एका शाळेत समुपदेशकाची जागा तिच्यासाठी जूनपर्यंत राखून ठेवली होती. ती जाऊन खोली पाहून आली होती. आत फुटके फुटबॉल आणि नकाशे ठेवलेले होते, पण दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागलेली होती आणि त्या पाटीखाली आपले नाव यावे, असे तिला फार म्हणजे फार वाटत होते.

त्यासाठी अट एकच. शंभर तास प्रत्यक्ष समुपदेशन, प्रत्येक तासाअखेर समोरच्या माणसाची सही आणि शंभरावा तास बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर. एरवी सल्ला दिला तर तो तास बाद. परीक्षकांसमोर दिला तर अख्खे सत्र बाद.

बावीस विद्यार्थ्यांना मिळून बावीसशे तासांचे दुःख हवे होते. भंडारा शहरात दुःख पुष्कळ निघाले, पण त्यावर सही करून द्यायला कोणी तयार होईना. मग गावे वाटून देण्यात आली. रुचिकाच्या वाट्याला शहापूर आले. तिथल्या समाजमंदिरात दोन खुर्च्या मांडून ती वही उघडून बसली. तीन दिवस कोणी फिरकले नाही. चौथ्या दिवशी टिकाराम नावाचे एक वयस्कर शेतकरी दारातून तिला पाहून गेले आणि चौकात जाऊन म्हणाले, "भंडाऱ्याची पोरगी रोज बसनं येऊन राहिली अन् आपण तिले रिकाम्या हातानं वापस पाठवून राहिलो. शोभते का हे आपल्या गावाले?"

गावाला ते शोभत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून शहापूरने पाहुणचाराला सुरुवात केली. ज्याच्या घरी जे दुःख असेल ते आणि नसेल तर शेजाऱ्याकडून मागून आणलेले, असे लोक घेऊन येऊ लागले. टिकाराम यांनी स्वतः सख्ख्या भावाशी अकरा वर्षांचे वैर दिले. ते अठरा तास पुरले. (तो भाऊ नत्थू बाहेर मोटरसायकल घेऊन थांबलेला असे, कारण दोघांना घरी एकत्रच जायचे असे.) झोप न येण्याचे बावीस तास झाले, त्यांत सात जण सांगता सांगताच झोपी गेले. सासूच्या जाचाचे सोळा. त्यात काही राहून जाऊ नये म्हणून सासू शेजारी बसून आठवण करून देत असे. अज्ञात भीतीचे अकरा. आणि उरलेले बत्तीस तास वहीत 'सुशीलाबाई, किरकोळ' या एकाच सदराखाली नोंदलेले आहेत.

हे सगळे बनावट आहे, हे रुचिकाला तिसऱ्याच आठवड्यात कळले आणि ती घाबरून सरांकडे गेली. सरांनी नियमावली पुन्हा नजरेखालून घातली. दुःख खरे असावे, असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते.

सुशीलाबाई एकट्या राहत. तळ्याच्या बांधाखाली त्यांची दीड एकर धानाची जमीन होती आणि मोना ही एकुलती एक मुलगी तिकडे दुर्गला दिलेली होती. सोमवारी त्यांना पालीची भीती वाटे आणि बुधवारी पाल हल्ली दिसत नाही याची काळजी. येताना त्या पदरात बोरे आणत. रुचिका त्यांची वाट पाहायची, हे तिने अहवालात लिहिले नाही.

शंभराव्या तासाला नागपूरहून डॉ. रक्षा मॅडम परीक्षक म्हणून आल्या आणि गुणपत्रक मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या. सुशीलाबाई खुर्चीवर टेकल्या.

"आज शेवटला दिवस नं बाई तुहा?" त्या म्हणाल्या. "मंग आज खरं सांगतो. खोटंनाटं सरलं माह्यापाशचं."

"हं," रुचिका म्हणाली. (प्रकार पहिला. पूर्ण गुण.)

"माही मोना चार महिने झाले फोन नाई करत. दिवाळीले आली तवा दुकानातले सांडगे घेऊन आली. मी बोलली तिले. आईच्या घरी दुकानातले सांडगे आणून राहिली, मी का मेली, म्हटलं. तिनं काईच नाई म्हटलं. गेली. तवापासून फोन नाई."

"तुम्हाला तिच्याशी बोलावंसं वाटतंय."

"वाटते नं. पण मी कायले करू फोन? मी आई आहो. रोज संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसतो. पहिले कंपनीवाल्याइचे तरी दिवसभर वाजत होते. मले शेजारच्या अंकुरनं शिकवलं, नको त्या नंबरावर हे लाल बटन दाबाचं. तवापासून ते बी बंद. पाय नं," म्हणत त्यांनी फोन पुढे केला.

रुचिकाने फोन हातात घेतला. पडद्यावर ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी होती. दहा नंबर कंपन्यांचे होते. अकरावा 'मोना' होता आणि त्याच्यापुढे त्रेसष्ट असा आकडा होता. मोनाने चार महिन्यांत त्रेसष्ट वेळा फोन केला होता आणि तो त्रेसष्ट वेळा दारातूनच परत गेला होता. शेवटचा काल संध्याकाळी.

तेव्हा घड्याळात अकरावे मिनिट चालू होते. एका बोटाचे काम होते. पण कलम सातमध्ये बोटाला सूट नाही. रुचिकाने फोन परत दिला आणि समोरच्या व्यक्तीला तिचा मार्ग तिचा तिला सापडावा म्हणून शास्त्रशुद्ध प्रयत्न सुरू केले.

"ही यादी पाहून तुमच्या मनात काय येतं?"

"मोनाचं नाव आहे."

"हं."

"म्हणजे अजून आहे माह्या फोनात. मले वाटलं होतं निघून गेलं."

"आणि ही यादी आपल्याला काय सांगत असेल?"

सुशीलाबाईंनी बराच विचार केला. "ह्या अकरा जणाइले माही आठवण येते."

कोपऱ्यात मॅडमनी काहीतरी लिहिले. रुचिकाने खुर्ची पुढे ओढली. "समजा," ती म्हणाली, "एखादं दार आपल्याकडूनच आतून बंद झालं असेल, तर आपण काय करतो?"

"कडी काढतो."

"हं!" (प्रकार ठरवता आला नाही.) "मग?"

"माह्या घरची कडी चांगली आहे बाई. तुले काई अडचण आहे का घरी?"

'रूपकाचा वापर: उत्तम', असे मॅडमनी लिहिले. पुढची अठरा मिनिटे रुचिकाने खिडकी, पाट, तळ्याचा सांडवा आणि अडलेले पाणी या सर्व मार्गांनी प्रयत्न केला. सुशीलाबाईंनी प्रत्येक वेळी उत्तर अगदी बरोबर दिले आणि फोन मांडीवर तसाच ठेवला. रुचिकाला तुमसरची पाटी दिसत होती आणि तिला स्वतःची लाज वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

"जाऊ दे," शेवटी सुशीलाबाई म्हणाल्या. "बोलली तं बरं वाटलं. सही कुठं करू?"

यालाच पुस्तकात यशस्वी समारोप म्हणतात. त्यांनी पेन घेतले आणि सावकाश 'सु' काढला.

"काकू, सही नका करू," रुचिका म्हणाली. "आधी इथं दाबा. मोनाचा नंबर तुमच्याच हातानं बंद झाला. ती चार महिन्यांपासून फोन करून राहिली तुम्हाले."

या एका उद्गारात सल्ला, नात्याने हाक मारणे, परस्पर निष्कर्ष काढणे आणि बोट दाखवणे असे चार दोष असून विभागाच्या इतिहासात हा विक्रम आहे.

सुशीलाबाईंनी दाबले. मग स्वतःच फोन लावला. दुसऱ्याच रिंगला पलीकडून "आई?" असे आले. सुशीलाबाई म्हणाल्या, "सांडगे वाळवले आहेत मी. येऊन घेऊन जाजो." आणि पदर डोळ्यांना लावला. सही अर्धीच राहिली.

मॅडमनी नियमानुसार सत्र बाद केले. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. कागद पिशवीत भरून झाल्यावर त्यांनी दाराकडे एकदा पाहिले आणि स्वतःचा फोन रुचिकापुढे धरला. "परीक्षेची वेळ संपली आहे, म्हणून विचारते. माझा मुलगा बंगळुरूला असतो. महिना झाला, त्याचा फोन नाही. जरा बघतेस?"

रुचिकाने बघितले. यादी रिकामी होती.

"मॅडम, मग तुम्हीच करा नं," ती म्हणाली. बाद व्हायला आता काही उरले नव्हते. मॅडम ओसरीवर गेल्या आणि त्यांची गाडी ठरल्यापेक्षा पाऊण तास उशिरा निघाली.

संध्याकाळपर्यंत समाजमंदिराबाहेर रांग लागली. "मले बी एक खरं आहे," टिकाराम खाली पाहत म्हणाले आणि नत्थूला त्यांनी त्या दिवशी एकट्यालाच घरी पाठवले. रुचिका आठ वाजेपर्यंत बोलत होती. यांतला एकही तास धरता आला नाही. विभागाच्या वार्षिक अहवालात म्हटले आहे: 'शहापूर केंद्राचे काम समाधानकारक. नव्व्याण्णव तास यशस्वी. एक तास वाया गेला.' तुमसरची जागा तिच्याच वर्गातल्या प्रितमला मिळाली. त्याची मान फार चांगली हलते.

रुचिकाने आता ऑक्टोबरमध्ये पुन्हा परीक्षेला बसावे, की दुकान सांभाळावे, की शहापुरातच खुर्ची टाकून बसावे, याबद्दल वाचकांचे मत एव्हाना तयार झाले असेलच. अशा वाचकांनी कलम सातचा भंग केलेला आहे. अकराव्या मिनिटालाच 'अगं, सांगून टाक ना तिला' असे मनात म्हणणारे तर तेव्हाच नापास झाले होते; त्यांनी उगाच इथपर्यंत येण्याचे कष्ट घेतले. मात्र ज्यांच्या मनात त्या वेळी काहीच आले नाही आणि जे शेवटपर्यंत मान हलवत शांतपणे वाचत राहिले, ते विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले आहेत. त्यांचे हार्दिक अभिनंदन. त्यांच्या घरच्यांना त्यांच्याविषयी काय वाटते, हे विभागाने विचारलेले नाही.