दुसऱ्या भुवईचा तह

विनंती विशेष. नंबराच्या बाकाची इज्जत कैसी राहिली, हे पुढिलांस कळावे म्हणोन घडले तैसे लिहितो. केसभरही पदरचे घातले नाही.

गल्लीचे टोकास पार्लरताईंचा मुलूख. दोन आरसे, एक फिरती खुर्ची आणि तमाम रयतेसाठी एक बाक. दस्तूर एकच, आधी येईल तिने आधी बसावे. ते दिवशी बाकावर नर्सबाई, ड्यूटीस जाण्याची घाई; त्यांजमागे एक मावशी. तों खासा मालकीणबाई, दुकानाच्या जागेच्या धनीण, पर्स परजीत दाखल जाहल्या आणि थेट खुर्चीवर आरूढ होऊन फर्मावित्या जाहल्या की, जागा आमची, सबब नंबरही आमचाच. ताईंचा भाडेकरार सरत आलेला. खावंदांची मर्जी फिरली तर आरसे डोक्यावर घेऊन कोठे जावे? मग निमूट दोऱ्याचे टोक दातीं धरिले आणि डावी भुवई कोरून कमान केली.

परंतु आरशात नर्सबाई पिशवी उचलोन निघताना दिसल्या आणि ताईंचे मस्तक फिरले. दातांतला दोरा सोडोन हुकूम जाहला, "मालकीणबाई, दुसरी भुवई नंबरानं."

मग जो हलकल्लोळ उडाला तो काय वर्णावा! मालकीणबाईंनी जागा खाली करविण्याची धमकी दिली आणि तरातरा दारापर्यंत गेल्या आणि दाराच्या काचेत आपुले मुख पाहिले, एके बाजूस कमान, दुसरे बाजूस झुडूप, आणि तैशाच माघारी फिरोन बाकाचे शेवटास बसल्या.

मावशींनी हळूच म्हटले, "अगं, ही पण जबरदस्तीच की!"

"हो मावशी. पण एका भुवईपुरतीच."

खरे पाहता ताईंस अंमलाची ऐसी गोडी लागली की ते झुडूप आठवडाभर तैसेच ठेवावे ऐसे मनीं आले. तो मोह मोठ्या कष्टाने आवरिला.

नर्सबाई माघारी येऊन खुर्चीवर बसल्या आणि फत्ते पावोन ड्यूटीस गेल्या, मावशीही उरकल्या. मालकीणबाई उठणार, तों त्यांच्या थोरल्या नणंदबाई दाखल. "वहिनी, मी आधी बसते हं. दुकान आपलंच ना?"

तेव्हा ते झुडूप कपाळीं चढले, आणि घटकेपूर्वी जागेच्या जोरावर न्याय सांगणाऱ्या त्याच मुखातून ऐसी गर्जना जाहली की क्रीमच्या बाटल्या खुळखुळल्या.

"वन्सं, नंबरानं बसा! काही रीतभात आहे की नाही?"

येणेप्रमाणे तह जाहला. ताईंनी जिंकल्या हाताने उजवी भुवई डावीशी तंतोतंत जुळविली, कमी नाही, जास्त नाही. मालकीणबाईंनी आरशात ताडून पाहिली आणि भाडेकरार पुढे चालू केला. वन्सं बाकावर आहेत, रुसलेल्या.