भावी सरपंचांचा डोळा

फ्लेक्ससाठी फोटो काढताना गोरक्षनाथच्या चष्म्यावर उजेड चमकायचा आणि भावी सरपंचांची नजर काही जनतेपर्यंत पोचायची नाही. जामखेडजवळच्या त्या गावात नळाला पाणी नव्हतं. पण तो प्रश्न जुना होता, चष्म्याचा तातडीचा. निवडणूक तोंडावर आलेली. गोरक्षनाथ नगरला गेला आणि लेसरने नंबर घालवून आला.

दवाखान्याने त्याचा हसरा फोटो 'समाधानी रुग्ण' म्हणून दारात लावला. गावात मिरवणूक निघाली. डोळ्यांत धूळ जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुलालाबद्दल ते काही बोलले नव्हते.

पुढे उजवा डोळा लाल झाला. उजेड सुईसारखा टोचू लागला. कार्यकर्त्यांनी मोबाईलची बॅटरी मारून आळीपाळीने तपासणी केली आणि मेडिकलमधून लाली घालवायचे थेंब आणले. लाली गेली. 'साहेब ठणठणीत' असं ग्रुपवर जाहीर झालं. साहेब मात्र उशीत तोंड खुपसून कण्हत होते.

त्यांनी दवाखान्याला फोन लावला.

"तुमची नोंद समाधानी रुग्णांत आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "तक्रार करायची तर आधी असमाधानी व्हावं लागेल. त्याला डॉक्टरसाहेबांची सही लागते. ते परदेशी गेलेत."

भागिरथीने नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला. "उठा. दुसरा डॉक्टर बघू."

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मशीनमधून पाहिलं. "बुबुळावर पांढरा डाग आहे. लेसरच्या वेळी उचललेल्या पापुद्र्याखाली जंतू शिरलेत. थेंब कोणते घातले?"

भागिरथीने पिशवीतून बाटली काढली.

"यात स्टेरॉइड आहे. याने लाली झाकली आणि जंतू पोसले."

त्यांनी पापुद्रा उचलून आतलं खरवडलं, नमुना लॅबला पाठवला, जखम औषधाने धुतली. नवे थेंब तासातासाला घालायचे होते, रात्रीसुद्धा. ते काम भागिरथीकडे आलं. कार्यकर्ते 'लवकर बरे व्हा'च्या फ्लेक्समध्ये गुंतले होते.

"दिसंल ना गं मला?" गोरक्षनाथने अंधारात तिचा हात चाचपत विचारलं.

"दिसंल. गप पडून ऱ्हावा."

डोळा वाचला, डाग राहिला. उन्हासाठी काळा चष्मा मिळाला आणि त्यातला फोटो असा काही रुबाबदार आला, की गोरक्षनाथ मोठ्या फरकाने निवडून आला.

निकालानंतर तो तपासणीला गेला. डॉक्टरीणबाई जरा अवघडून म्हणाल्या, "या डोळ्याला समोरचं कायम धुरकट दिसणार, सरपंच."

"चालंल की. मत देताना लोकांनी तरी कुठं नीट बघितलं?"

शेजारी बसलेल्या भागिरथीने शाई लागलेलं बोट हळूच पदराखाली घेतलं. तुमच्या-माझ्या बोटावरची तर केव्हाच गेली.