पिकअपचं नाक

तृप्तीची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची पिकअप पुढून खाली झुकलेली आहे, हे मला आठ वर्षांत कधी दिसलं नव्हतं. शेजारच्या झुंबरशेठला दिसलं. दुसऱ्याच्या घरी काय वाकडं आहे आणि कुठे ओल आली आहे, एवढंच पाहायला तो माणूस सकाळी फिरायला निघतो.

"यादवराव," आमच्या फाटकावर कोपर टेकवून तो म्हणाला, "तुमची गाडी कुणाच्या पाया पडतेय?"

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअर्सचा हेडक्लार्क. (म्हणजे नटबोल्ट मोजतो. बसवणारे दुसरे.) पण अपमान तो अपमान. मी मोबाइल उघडला आणि मला लेव्हलिंग किटचा शोध लागला. पुढच्या स्प्रिंगांवर एकेक जाड लोखंडी चकती बसवायची, की गाडीचं नाक अडीच इंच वर. व्हिडिओतल्या दाढीवाल्याने ते वीस मिनिटांत केलं, वर आमच्यासारख्यांकडे तुच्छतेने पाहिलंसुद्धा.

"अगं, गाडी जरा सरळ करून आणतो," मी म्हणालो.

"सरळच आहे ती."

"तुला त्यातलं कळत नाही." (लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाने हे वाक्य उच्चारू नये.)

"शुक्रवारी सकाळी मला रस ओतायचाय. त्याच्या आत आणा म्हणजे झालं."

रस म्हणजे आंब्याचा. तृप्ती आंबापोळी करते. पेठकडची भागीबाई गावठी आंबे आणते, दोघी मिळून रस काढतात आणि मोठ्या ताटांत पातळ ओतून पिकअपच्या मागच्या हौद्यात जाळीखाली वाळवतात. तिथे दिवसभर ऊन असतं आणि कुत्री पोचत नाहीत. त्या आठवड्यात इगतपुरीच्या एका हॉटेलाने नमुना मागवला होता. सोमवारी सकाळी चाळीस पोळ्या, सगळ्या एकसारख्या जाडीच्या. पास झाल्या तर कायमची ऑर्डर. तृप्तीने त्यासाठी देवापुढे नारळही ठेवला होता.

शफीभाईने गॅरेजमध्ये गाडीभोवती एक चक्कर मारली. "साहेब, पिकअप मागून उंचच ठेवतात. माल भरला की बसती बरोबर. खामखा कशाला छेडता?"

"शफीभाई, तुम्ही पाना फिरवा. डोकं मी चालवतो."

त्याने पाना फिरवला. गुरुवारी गाडी घरी आली, झुंबरशेठ "आता दिसतेय गाडी!" म्हणाला आणि मी रात्री जेवताना दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात फोन आला. "अहो, घरी या." एवढंच.

चाळीस ताटांतला रस मागच्या फळक्याकडे सरकून बसला होता. एका टोकाला बोटभर जाड वडी, दुसऱ्या टोकाला नुसतं ताट.

"शफीने वाकडं बसवलं असणार," मी निकाल दिला.

तृप्ती घरातून गवंड्याची पाणसळ घेऊन आली. (हिरव्या पाण्यात बुडबुडा असलेली ती पट्टी.) ती गाडी उभी असते त्या अंगणातल्या फरशीवर ठेवली. बुडबुडा घराकडे पळाला.

"पावसाचं पाणी घरात नको, म्हणून धोंडीराम गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून हा उतार कोणी काढून घेतला?"

"मी."

"आणि गाडीचं तोंड मी नेहमी घराकडे का लावते?"

"शुभ असतं म्हणून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ऑफिसातल्या साहेबानेही इतक्या तिरस्काराने कधी पाहिलेलं नाही. "फरशीमुळे नाक वर जातं, गाडीमुळे खाली येतं. दोन्ही मिळून हौदा सपाट. आठ वर्षं चाललंय हे."

मला खरंच लाज वाटली. पण लाज वाटली की गप्प बसायची मला सवय नाही. मी गाडी उलटी फिरवून लावली.

"दादा," भागीबाई वाकून बघत म्हणाली, "आता रस केबिनकडं चालला. गाडी चालवून गावाला जातो का काय?"

शफीभाई लग्नाला मालेगावला गेलेला, मंगळवारी येणार. दुसरं गॅरेज गाठेपर्यंत दिवस गेला असता आणि शनिवारी सकाळी उरलेल्या आंब्यांचा रस ओतला नाही, तर सोमवारपर्यंत तो वाळणार नव्हता. रस्त्यावर लावावी, तर तिथे कडुनिंबाची सावली. शेवटी गाडी पुन्हा सुलटी करून मी मागच्या चाकांखाली फळ्या घातल्या. एक मोडली. (फळी मीच निवडली होती.) गाडी आता उतरती आणि कलती, दोन्ही झाली.

तृप्तीने मोडकी फळी काढली, शाबूत फळीही काढली आणि शनिवारी सकाळी गव्हाची दोन पोती बॉनेटवर चढवायला लावली. हौद्यात पाणसळ ठेवली. बुडबुडा अर्ध्यावर येऊन अडला. मग तिची नजर माझ्यावर स्थिरावली. नजर प्रेमाची नव्हती. तिच्यात माझ्या ब्याण्णव किलोंचा हिशेब होता.

मी पुढच्या बंपरच्या गार्डवर बसलो. बुडबुडा अगदी मध्ये आला.

"हलू नका," तृप्ती म्हणाली आणि रस ओतायला लागली.

मे महिन्याचं ऊन. मी छत्री उघडली, तर भागीबाई ओरडली, "सावली ताटांवर पडती, दादा!" छत्री गेली. जेवण जागेवरच मिळालं, तेही दुप्पट, कारण वजन कमी होता कामा नये. फाटकावर झुंबरशेठ कोपर टेकून उभाच होता.

"यादवराव, गाडी पाया पडायची थांबली. तुम्ही कुठला नवस फेडताय?"

मी उत्तर द्यायला वळलो.

"बुडबुडा हलला!" दोघी एकदम किंचाळल्या. मी पुन्हा दगड झालो.

सोमवारी संध्याकाळी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. तृप्तीने स्पीकर लावला. सगळ्या पोळ्या पास झाल्या होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि (खरं सांगतो) माझ्याही. आता कौतुकात आपलाही वाटा येईल, म्हणून भाजलेली मान शक्य तेवढी ताठ करून मी जवळ सरकलो.

"मॅडम, जाडी अगदी एकसारखी आहे," मॅनेजर म्हणाला. "कुठलं मशीन वापरता?"

तृप्तीने मला खालून वर पाहिलं.

"जुनंच आहे हो," ती म्हणाली. "डोकं चालत नाही त्याचं, पण वजन चांगलं आहे."