फियाटीचा वाटा

“मी एष्टीन जातलंय. तुमी येवा तुमच्या फियाटीतून. मंगेशाच्या दारात आदी कोण पोचता, ता बगूया.”

हिराने हे शनिवारी सकाळी भाकरी थापता थापता सांगितलं आणि तव्यावरची भाकरी उलटावी तितक्या सहज विषयही उलटा करून टाकला. गुरुदासच्या हातातला चहाचा कप मात्र तोंडापर्यंत पोचलाच नाही. उद्या आरोंद्याला हिराच्या भावाच्या, म्हणजे मंगेशच्या मुलीचा साखरपुडा. बायको एसटीतून उतरणार आणि नवरा रिकाम्या गाडीतून! मंगेशने एवढं बघितलं की पुढची दहा वर्षं तरी गुरुदासला सासुरवाडीत सुखाने कढी पिता आली नसती.

हिराचंही चुकत नव्हतं. ती बहात्तर सालातली फियाट. गुरुदासने ती मालवणच्या एका डॉक्टरांकडून घेतली आणि बारा वर्षं डिकीतून बर्फ न् मासळीच्या पेट्या कुडाळच्या बाजाराला वाहिल्या. मागची चाकं तोलून धरणारे पोलादी पट्ट्यांचे पाटे त्या ओझ्याने पार सपाट झाले होते. शॉकअपमधलं तेल कधीच गळून गेलं होतं. रस्त्यात खड्डा आला की तो आधी सायलेन्सरला कळायचा आणि मग थेट बसणाऱ्याच्या मणक्याला.

“अगो, नवीन पाटे हाडलंय मां मी? शॉकअपय हाडलंय!”

“हाडलास. दोन म्हयने पडवीत पडलेहत. त्यांच्यार मांजर बाळंत झाला.”

“मेस्त्री म्हणता, शिमगो झाल्यार ये.”

“मगे शिमगो झाल्यारच बसतलंय मी गाडयेत.”

“बाबा, आपणच बसवूया!” अक्षदा म्हणाली.

अक्षदा नववीत होती आणि सहामाहीत तिला शाळेत टेक्निकलला सगळ्यांत जास्त मार्क मिळाले होते. तेव्हापासून घरातला एकही स्क्रू सुखाने झोपला नव्हता. तिने मिक्सर उघडला, मिटला आणि तो चाललासुद्धा! दोन स्क्रू उरले होते, पण ते तिने कुणाला दाखवले नाहीत. गुरुदासने लेकीकडे पाहिलं, मग पाठमोऱ्या हिराकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

“चल. पाने काड.”

पहिली अडचण जमिनीनेच काढली. तारकर्लीत अंगण म्हणजे वाळू. गुरुदास जॅकचा दांडा फिरवत होता, जॅक कुरकुरत उंच होत होता आणि गाडी होती तिथेच होती. दहा मिनिटांनी अक्षदाने वाकून पाहिलं.

“बाबा, गाडी वर जायना नाय. जॅक खाली जाता हा.”

मग कुंपणातला एक चिरा काढून जॅकखाली घातला. गाडी वर आली. बापलेकीने एकमेकांकडे अभिमानाने पाहिलं आणि डावं मागचं चाक काढून बाजूला ठेवलं. गुरुदास आत डोकं घालणार, तेवढ्यात हिराने दारातून विचारलं, “जेवक काय करू?” तो वळला, आणि पाठीमागे चिऱ्याचे दोन तुकडे झाले. गाडी ‘धप्प’ करून बसली. चाक नसलेला कोपरा वाळूत रुतला आणि जॅक तिच्या पोटाखाली गाडला गेला.

आता गाडी उचलायला जॅक हवा होता आणि जॅक काढायला गाडी उचलायला हवी होती.

“एष्टी सात वाजता सुटता,” हिरा म्हणाली आणि आत गेली. एवढंच. ती ओरडली असती तर गुरुदासला बरं वाटलं असतं.

माडांपलीकडे किनाऱ्यावर शिवातात्याची रापण, म्हणजे माणसांनी दोराने ओढायचं लांबलचक जाळं, नुकतीच ओढून झाली होती. शिवातात्या म्हणजे त्या रापणीचा म्होरक्या. तो सहज डोकावला, गाडी पाहिली, कमरेवर हात ठेवले.

“गुरुदासा, होडी रुतली तर काय करतंव आमी? रडत बसतंव?”

त्याने एक हाळी घातली. सात माणसं आली, त्यांत मासे विकणारी शेवंतीही होती; आठवा तो स्वतः. रापणीचा दोर मागच्या बंपरखालून घेतला, पुढे चार, मागे चार. “हैसा!” म्हणताच ती फियाट अशी उचलली गेली की तिलाही आपण होडी असल्यासारखं वाटलं असेल. खाली माडाचे ओंडके सरकवले. जॅक मिळाला. आणि गाडी अशी पक्की बसली की अक्षदा चटई टाकून खुशाल तिच्या खाली शिरली.

“सतरा नंबर द्या! आता एकोणीस!” गाडीखालून हुकूम सुटू लागले. शॉकअप निघाले. एक पाटा निघाला. दुसऱ्या पाट्याचा एक नट मात्र खाऱ्या वाऱ्याने असा गंजला होता की ढिम्म. रॉकेल झालं, खोबरेल झालं, गुरुदासच्या शिव्या झाल्या. शेवटी अक्षदाने पान्याला चार फुटी पाइप लावला.

“ह्याच्यार कोणीतरी बसा. जड मनीस होया.”

सगळ्यांनी शेवंतीकडे पाहिलं. शेवंती मासे विकायला बसली की दोघींची जागा लागायची.

“माझ्याकडे कित्याक बगतास रे मेल्यांनो?” असं म्हणत ती पाइपवर बसली. ‘कट्’! नट सुटला, शेवंती वाळूत. “मोडलंय काय गो मी?” “नाय मावशे, नट मोकळो झालो!”

तिन्हीसांजेच्या आत नवे पाटे, नवे शॉकअप, सगळं बसलं. ओंडके काढले. गाडीचा मागचा भाग बदकाने शेपूट वर करावं तसा उंच राहिला होता, पण अक्षदाने डिकीवर दोन्ही हातांनी दाबलं तर गाडी मऊसूत खाली गेली आणि शहाण्यासारखी वर येऊन थांबली. गुरुदासचे डोळे भरून आले.

“बरा,” शिवातात्या हात झटकत म्हणाला, “आता वाटे घालूया.”

“कसले वाटे? हयसर मासो खंय आसा?”

“मासो नाय, गाडी आसा.”

रापणीचा एक नियम कुणी लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. मग तो शेवटच्या क्षणाला का लागलेला असेना.

“मगे काय कापून देव गाडी?”

“कापूक कित्याक होयी? उद्या तू आरोंद्याक जातंस. माका वेंगुर्ल्याक सोड.”

“माका परुळ्याक,” दुसरा म्हणाला. तिसरा आणि चौथा शिरोड्याचे निघाले. “माका वेंगुर्ल्याक. आणि माझे दोन वाटे,” शेवंती म्हणाली, “मी हात नाय, सगळा आंग लावलंय.” उरलेल्या तिघांनी मोठ्या मनाने आपला वाटा पुढच्या खेपेला ठेवला.

हिरा चहाचं पातेलं घेऊन दारात उभी होती.

“आणि मी?”

गुरुदास काहीतरी बोलणार होता, पण तो लग्नाला सोळा वर्षं झालेला माणूस होता. त्याने पाने पुसायला घेतले.

“वैनी, तुमचो दोराक हात नाय लागलो,” शिवातात्या गंभीरपणे म्हणाला.

“माझ्या घोवाची गाडी आणि माकाच वाटो नाय?”

“जाळा कोणाचा ता इचारून वाटो पडणा नाय.”

“असां? मगे सकाळपासून दोनदा चाय कोणी दिली? तुझ्या आवशीन?”

शिवातात्याने डोकं खाजवलं. ओढणाऱ्यांना चहापाणी देणाऱ्याचाही हक्क असतो, हे खरं होतं. “बरा. अर्धो.”

“अर्धो? मगे अर्धा आंग घराकडे ठेवन येव?”

पातेल्यातला चहा डचमळू लागला. सकाळी ‘बसणार नाही’ म्हणणारी आई आता जागेसाठी भांडत होती! अक्षदाला हसू आवरेना. तिने ग्रीसचे हात फ्रॉकला पुसले.

“माझो पुरो वाटो आयेक देतंय. मी एष्टीन येतंय.”

“दीड झाले!” हिरा म्हणाली आणि पातेलं शिवातात्याच्या हातात देऊन आत साडी काढायला गेली.

रविवारी सकाळी सगळे आले तेव्हा हिरा पुढच्या सीटवर बसलेली होती. कधीपासून, कुणालाच माहीत नाही. मागे चौघे कोंबले गेले. शेवंती सुक्या बांगड्यांची टोपली घेऊन पुढे शिरली. गाडी बदकासारखी होती ती सरळ झाली, आणि सरळ होऊन थोडी आणखी खाली गेली.

अक्षदा फाटकात उभी राहून बघत होती. गाडी मोरीजवळ गेली आणि तिथल्या खड्ड्यात ‘धाडदिशी’ आपटली. आतून सात जणांचा एकच आवाज आला. गुरुदासने ब्रेक मारला. सगळे हिरा काय म्हणते याची वाट बघत होते.

“थांबलास कित्याक?” हिराचा आवाज आला. “बरी चलता मां गाडी! चला. आणि शेवंते, तू वांयच सर थंय. माझो दीड आसा.”