सुलाकाची नवरी आणि राबींचा दात

आमच्या बेरुम्ता गावात एक परंपरा अजून जिवंत असल्याची तक्रार जिल्ह्याच्या सुरयानी ख्रिस्ती वारसा रक्षण मंडळाकडे गेली, तेव्हा मंडळाला तातडीनं लक्ष घालणं भागच होतं.

परंपरा साधी. ईस्टरनंतर प्रभू स्वर्गात गेला त्या गुरुवारी, म्हणजे सुलाकाच्या दिवशी, गल्लीतल्या मुली आपल्यातल्या एकीला नवरी करतात आणि गाणी म्हणत दारोदार नेतात. दारावर थाप पडली की घरचं माणूस ओच्यात काही ना काही टाकतं. अक्रोड, मनुका, गहू, अंडी. मग झऱ्यावर चूल मांडायची, शिजवायचं, खायचं, झोके घ्यायचे. नवरी कोण, यावरून भांडण होत नाही. त्या वसंतात जिचा पुढचा दात पडला, ती. दोघींचे पडले असतील तर जिचा उशिरा पडला, ती. या कायद्यात आजवर कुणी पळवाट काढलेली नाही, कारण तो लहान मुलींनी केलेला आहे.

माझ्या शूशानचा दात ईस्टरच्या रंगीत अंड्यात अडकून निघाला. मी रक्त पुसायच्या आत ती ओरडली, "आई, मी नवरी!" धाकटा पाळण्यात डोळे मिटायचा तेवढ्या वेळात मी माझ्या लग्नातली ओढणी कापून तिच्या मापाची करत होते. चार टाके झाले की तो उठायचा. ती आरशात हसून फटीतून जीभ काढून बघायची. पुढच्या वर्षी ती फट भरणार होती. नवरी व्हायची पाळी आयुष्यात एकदाच येते.

आणि मग राबी खोशाबा आले.

राबी म्हणजे गुरुजी. हे मंडळाचे अध्यक्ष. त्यांची मुलं-नातवंडं सिडनीला असतात, त्यांना आपली भाषा येत नाही. त्यामुळं आपली भाषा मरते आहे हे राबी सगळ्यांपेक्षा आधी ओळखतात. चर्चच्या हॉलमध्ये चहा झाल्यावर ते उभे राहिले.

"आनंदाची बातमी आहे. सुलाकाच्या नवरीसाठी परदेशातून निधी येतोय."

टाळ्या पडल्या.

"अडचण एकच. निधी फक्त नामशेष होणाऱ्या परंपरांसाठी आहे. आपली अजून चालू आहे."

सगळ्यांनाच अपराध्यासारखं झालं.

"चालू आहे हे चांगलंच ना, राबी?" माझ्या नवऱ्यानं, यालदानं, विचारलं.

"यालदा, बाबा, चालत्या-फिरत्या माणसाचा कधी पुतळा बसवलेला पाहिलायस?"

सेक्रेटरी पिथ्यूननं ठराव वाचला. सदर परंपरा चालू वर्षापुरती मृत समजण्यात यावी. सुलाकाच्या दिवशी परदेशी मॅडम मृत्यूची खातरजमा करण्यास येतील. कोणत्याही दारी कोणतीही मुलगी जिवंतपणाची लक्षणं दाखवताना आढळल्यास पालक जबाबदार राहतील. पुढील वर्षापासून परंपरेचं पुनरुज्जीवन मंडळामार्फत करण्यात येईल.

"मेल्या, मला नव्वदी लागली," बासो आजी मागून म्हणाली. ती गल्लीच्या तोंडाशी राहते. "मला पण मृत समजून टाक. बघ काही मिळतंय का."

"आजी, तुमचा विचार पुढच्या टप्प्यात करू," पिथ्यून म्हणाला. आणि हे तो गमतीत म्हणाला नाही.

मी हात वर केला. "राबी, माझ्या शूशानचा दात यंदा पडलाय. पुढच्या वर्षी नवा आलेला असेल."

राबींनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "मुली, संस्कृतीसाठी कुणाला तरी त्याग करावाच लागतो. शिवाय बोळकी नवरी फोटोत बरी दिसत नाही. पुढच्या वर्षी आम्ही टीव्हीवरची निवेदिका बोलावतोय. तिचे सगळे दात आहेत."

ठराव एकमतानं मंजूर झाला. विरोध फक्त आजीचा होता, आणि तिला मृत समजण्याबाबतचा निर्णय प्रलंबित असल्यामुळं तिचं मत धरता आलं नाही.

सुलाकाच्या दिवशी पिथ्यूननं सकाळीच अक्रोडाच्या झाडाचे झोके सोडवून नेले. मुली घरोघर कोंडल्या. शूशान ओढणी घेऊन दाराच्या मागं बसली. "मी जाणार नाही," म्हणाली, "नुसती बसते." मी धाकट्याला घेऊन खिडकीपाशी उभी राहिले.

पाहणीला सुरुवात बासो आजीपासून झाली. पुढं राबी, मागं पिथ्यून, त्याच्या मागं कॅमेरा घेतलेल्या मॅडम. राबींनी दारावर थाप मारली.

आजीला काय बोलायचं ते पढवलं होतं. ते तिनं चोख म्हटलं, "इथं कुणी येत नाही." पण सुलाकाचा दिवस, दारावर थाप, नव्वद वर्षांचा हात. बोलता बोलता तिनं राबींच्या कोटाचा खिसा ओढला आणि त्यात ओंजळभर अक्रोड ओतले.

"आजी, ही पाहणी आहे!"

"हो रे बाबा. लहानपणीही तू असाच मुलींच्या मागं मागं यायचास. अंडी ढापायला."

पुढच्या दारी तेच. "आमच्याकडं कुणी येत नाही हो," म्हणत बायकांनी पिथ्यूनच्या पिशवीत मनुका टाकल्या. कुणी मॅडमच्या टोपीत अंडी ठेवली. गावानं परंपरा मेल्याची ग्वाही दिली आणि प्रत्येक ग्वाहीबरोबर मूठभर गहू दिला. मॅडम प्रत्येक दारी विचारत होत्या, मुली कुठं आहेत? मुली नव्हत्या. दारोदार ओटी भरून घेत हिंडणारे फक्त दोन सुटातले पुरुष होते.

आमच्या दारी येईतो राबींना भूक लागली होती. त्यांनी एक अक्रोड दाढेत धरण्याऐवजी घाईत पुढच्या दातांत धरला. कट्ट आवाज झाला. अक्रोड शाबूत होता.

मी दार उघडलं तेव्हा राबी तळहातावरच्या आपल्या दाताकडं पाहत होते. माझ्या मागून शूशान डोकावली. तिनं तो दात पाहिला, मग राबींचं तोंड पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"ह्यांचा उशिरा पडला," ती म्हणाली.

"शूशू, राहू दे गं."

"नाही आई. नियम आहे." तिनं डोक्यावरची ओढणी काढली, नीट झटकली आणि टाचा उंचावून राबींच्या डोक्यावर घातली. मग ती दाराच्या मागं गेली, आणि तिथं रडली.

राबी ओढणी काढणारच होते. पण मॅडमनी कॅमेरा आधीच उचलला होता, त्यांचे डोळे भरून आले होते, आणि परदेशी कॅमेऱ्यासमोर राबींनी आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही. ते हसले. बोळकं.

अहवाल उत्तम आला. मुलींमध्ये परंपरेचा मागमूस आढळला नाही. मात्र दात पडलेल्या एका वडीलधाऱ्या नवरीच्या रूपानं ती शेवटच्या घटका मोजत आहे. निधी ताबडतोब मंजूर. मुखपृष्ठावर शूशान राबींच्या डोक्यावर ओढणी घालतानाचा फोटो, खाली ओळ: 'गावातील अखेरची बालिका आपला वारसा मंडळाच्या स्वाधीन करताना.'

यंदा सोहळा जिल्ह्याच्या सभागृहात झाला. रंगमंचावर प्लायवूडची दारं, त्यामागं भाड्याच्या आज्या, प्लास्टिकचे अक्रोड. निवेदिकेला सूत्रसंचालन दिलं, कारण नवरीची जागा भरलेली होती. माझी ओढणी घेऊन राबी दारोदार फिरले. ती त्यांना आखूड होते.

माझ्या शेजारी शूशान नव्या दातानं ओठ चावत बसली होती.

"आई, ह्यांचा दात परत कधी येणार?"

"मोठ्या माणसांचे परत येत नाहीत गं."

तिनं रंगमंचावरच्या राबींकडं पाहिलं. "म्हणजे आता कायम हेच नवरी?"

"हळू बोल. रेकॉर्डिंग चालू आहे."

त्या व्हिडिओत तिचा प्रश्न पुसट ऐकू येतो. पण आवाज बंद ठेवून पाहिलात तर सोहळा खरोखर देखणा आहे. पाहिलाच असेल तुम्ही. खाली लाल बदाम टाकून, 'अशा परंपरा जपल्या पाहिजेत' असं लिहून पुढं पाठवणारे तुम्हीच ना?