निळ्या खडूची फुली

"घर निवडणं म्हणजे काय मोठंसं? माल तपासण्यासारखंच!" तपासनीस छाती फुगवून म्हणाले आणि त्यांची बायको सावध झाली. नवरा असा छाती फुगवून बोलला की पुढे काहीतरी निस्तरावं लागतं, हा तिचा बारा वर्षांचा अनुभव होता.

तपासनीस कड्या-बिजागऱ्यांच्या कारखान्यात होते. चांगल्या नगावर निळ्या खडूने बरोबरची खूण, वाईटावर फुली, हे त्यांचं काम. खडू खिशात नसला तर त्यांना अंगावर कपडे नसल्यासारखं वाटे. आणि त्यांचं एक तत्त्व होतं. तपासणी करायची ती बिनसांगता! सांगून केली तर लोक कोळशालाही पांढरा रंग लावून ठेवतात.

तर या तपासनीसांची बढतीवर बदली झाली. नवं गाव, नवा कारखाना, दुसरी पाळी. बायकोने भांडी आवरता आवरता अट घातली.

"तुम्ही रात्री दहाला येणार. तोवर मी आणि पोर एकट्या. गल्ली सुरक्षित हवी आणि भाडं झेपणारं हवं. येत्या रविवारपर्यंत अशी जागा मिळाली तर आम्ही येऊ. नाहीतर जा एकटे आणि करा बिजागऱ्यांशी संसार!"

तपासनीस हसले, पण मनातून टरकले. बिजागरीला स्वयंपाक येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय पोरीचा पापा घेतल्याशिवाय त्यांना झोप येत नसे, हेही खरंच.

दोन दिवस त्यांनी नवं गाव पालथं घातलं. जिथे भाडं परवडत होतं तिथे जीव परवडत नव्हता, आणि जिथे जीव सुखरूप होता तिथे पगार सुखरूप राहत नव्हता! मंगळवारी दुपारी एजंटाने त्यांना गावाच्या टोकाला एका गल्लीत नेलं. दोन्ही बाजूंना मिळून चौदा बैठी घरं, प्रत्येकाला फाटक, पुढे दोन-दोन झाडं. आठ नंबरचं घर रिकामं होतं. मालकीणबाई एक नंबरमध्ये राहत. निवृत्त मुख्याध्यापिका, सगळी गल्ली त्यांना मोठ्या बाई म्हणे. भाडं ऐकून तपासनीसांना एजंटाला मिठी मारावीशी वाटली.

"आणि सुरक्षित?"

"शंभर टक्के, साहेब!"

जागेला वाईट म्हणणारा एजंट अजून जन्माला यायचाय. तपासनीसांनी त्याला वाटेला लावलं आणि स्वतः तपासणीला लागले. बिनसांगता!

प्रत्येक फाटक त्यांनी गदागदा हलवलं. उकिडवं बसून बिजागऱ्या पाहिल्या. कड्या ओढल्या, खिडक्यांचे गज मोजले, सगळं वहीत टिपलं. आणि हात सवयीचा गुलाम! तो आपोआप खिशात जाई आणि फाटकावर निळी खूण उमटे. हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात एक बाई ओट्यावर आल्या.

"दुपारी घरी कोण कोण असतं हो?" तपासनीसांनी अगदी नम्रपणे विचारलं. "आणि कुत्रा चावतो, की नुसताच भुंकतो?"

बाईंनी धाडकन दार लावलं. आतून दोन कड्या सरकल्या.

"वा!" तपासनीसांनी लिहिलं. "वस्ती जागरूक!"

चौदांपैकी नऊ पास, पाच नापास. त्यांनी लगेच बायकोला फोन लावला. "रविवारी ये. फक्त हो म्हणायचं बाकी आहे!"

रविवारी पोरीला मावशीकडे ठेवून दोघं गल्लीच्या तोंडाशी आली, तर तिथे बाकावर तीन माणसं काठ्या घेऊन बसलेली. प्रत्येक फाटकाला साखळदंड. पाच नंबरचे दंतवैद्य गळ्यात शिट्टी अडकवून फेऱ्या मारत होते.

"अहो, ही तुमची सुरक्षित गल्ली?" बायको कुजबुजली.

"बघ ना, किती बंदोबस्त आहे!" तपासनीस म्हणाले, पण त्यांनाही काही उमगेना.

मोठ्या बाईंनी दोघांना अंगणात बसवलं. दंतवैद्यही मागोमाग आले. बाई सरळ मुद्द्यावर आल्या. "मी खोटं सांगणार नाही. मंगळवारी चोरांचा माणूस टेहळणी करून गेला. फाटकं हलवली, घरी कोण असतं विचारलं, निळ्या खडूने खुणासुद्धा करून गेला मेला!"

तपासनीसांनी सोबतची वही मांडीखाली सरकवली. हात नकळत खिशावर गेला. खडू तिथेच होता.

बायकोने पर्स उचलली. "चला. मी पोरीला घेऊन इथे राहणार नाही. तुम्ही या एकटेच."

आता आली का पंचाईत! बोलावं तर तोंड दाखवायला जागा नाही, न बोलावं तर राहायला जागा नाही!

इकडे दंतवैद्य वेगळ्याच दुःखात होते. गल्लीने खुणांचा अर्थ लावून टाकला होता. बरोबरची खूण म्हणजे घरात घबाड आहे, फुली म्हणजे कंगाल. खूणवाल्यांची झोप उडाली होती आणि फुलीवाल्यांचा अपमान झाला होता. एकाने तर आपली खूण पुसून शेजाऱ्याच्या फाटकावर काढली होती.

"आणि माझ्या फाटकावर फुली!" दंतवैद्य कडाडले. "वीस वर्षं दवाखाना चालवतोय मी! गाढव आहे तो माणूस! काडीची अक्कल नाही!"

तपासनीसांनी आयुष्यात पुष्कळ काही गिळलं होतं, पण कामाला कुणी नावं ठेवली की ते गिळत नसत.

"अक्कल कशी नाही?" ते ताडकन उठले. "तुमच्या फाटकाची खालची बिजागरी दोन बोटं खाली आलीय! एका लाथेत उघडेल! फुली बरोबरच आहे!"

बायकोने कपाळावर हात मारला. दंतवैद्यांनी गळ्यातली शिट्टी जोरात फुंकली.

"पोलिसांना बोलवा!" ते ओरडले.

"थांबा जरा," म्हणत मोठ्या बाईंनी त्यांच्या बसल्या जागी पडलेल्या वहीसाठी हात पुढे केला. तपासनीसांनी मुकाट्याने वही दिली. बाईंनी चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि विचारलं, "एक नंबर. कुलूप निव्वळ शोभेचं. म्हणजे माझंच?"

"हो, बाई," तपासनीस खाली मान घालून म्हणाले.

बाईंनी वही मिटून परत दिली. मग म्हणाल्या, "डॉक्टर, ज्याला गल्लीतली प्रत्येक कच्ची कडी तोंडपाठ आहे, त्याला बाहेर मोकाट सोडण्यापेक्षा आत ठेवलेला बरा. भाडं ठरलं तेच. पण पाचही नापास घरं तुम्ही स्वतः दुरुस्त करायची. दर रविवारी एक."

बायको खुदकन हसली. पर्स पुन्हा खाली ठेवत म्हणाली, "मग आम्ही येतो. खडूच्या चार रेघांनी जी गल्ली आठवडाभर जागते, तिथे मला कसली भीती?"

तपासनीसांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी दंतवैद्यांचा हातच हातात घेतला. दंतवैद्यांनी तो काढून घेतला.

बिऱ्हाड आलं. दर रविवारी तपासनीस कामावरचा राखाडी कोट घालून, तेलाची बुदली आणि पेचकस घेऊन निघत. चौथ्या रविवारी मोठ्या बाईंचं कुलूप बदललं. उकडत होतं म्हणून कोट बाईंच्या कठड्यावर टांगला होता. त्यानंतरचा आठवडा तर फारच छान गेला. "नव्या कारखान्यातली माणसं काय हसतमुख आहेत!" ते रोज रात्री बायकोला सांगत. "मी समोरून गेलो की सगळ्यांचे चेहरे खुलतात!"

पाचव्या रविवारी दंतवैद्यांची बिजागरी चढली. तपासनीस घामाघूम होऊन, पण विजयी वीरासारखे घरी आले.

"संपलं! गल्लीत आता औषधालाही फुली नाही!"

"एक आहे," बायको म्हणाली.

"शक्यच नाही! कुठे?"

"कोट काढा."

त्यांनी कोट काढला. पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, पट्टीने आखल्यासारखी, निळ्या खडूची ठसठशीत फुली! अशी सरळ रेघ गल्लीत फळ्याची सवय असलेल्या एकाच हाताला येत होती.

"हे कधीपासून?"

"गेल्या रविवारपासून."

कारखान्यातले सगळे हसरे चेहरे एकेक करून तपासनीसांच्या डोळ्यांपुढून गेले.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कशी सांगणार?" बायको कोट झटकत म्हणाली. "तपासणी बिनसांगता करायची असते ना?"