आमच्या हिचं म्हणणं

कारखान्याच्या वजनकाट्यावर दोन ट्रॅक्टरवाले एकमेकांची गळपट्टी धरून उभे होते. आधी नंबर कुणाचा, यावरून जुंपली होती. आता एकजण दुसऱ्याला लोळवणार, एवढ्यात काट्याच्या केबिनची खिडकी उघडली आणि आतून आवाज आला, "थांबा! ओ जाकीटवाले, आत्ता जे बोलला ते परत बोला."

"काय बोललो?" गळपट्टी न सोडता जाकीटवाल्यानं विचारलं.

"तुझ्यापेक्षा माझ्या म्हशीला जास्त अक्कल हाय, म्हणला न्हवं? म्हशीच्या आधी आणिक काहीतरी व्हतं. सावकाश सांगा, लिहून घेतो."

जाकीटवाल्याला काही आठवेना. शेवटी दुसऱ्यानंच मदत केली. "म्हशीच्या आधी तू माझा आज्जा काढला." तोवर भांडणातली हवा गेली होती. दोघंही खिडकीशी उभे राहून आपापली वाक्यं तपासून देऊ लागले आणि मागच्या रांगेतून हॉर्नचा कल्लोळ उठला.

केबिनमधले गृहस्थ म्हणजे सोपानराव. हुद्द्यानं काटा क्लार्क, स्वतःच्या मते पटकथालेखक. या दुसऱ्या पदावर त्यांची नेमणूक अजून कुणी केलेली नव्हती, पण त्यांनी हजर होऊन अकरा वर्षं झाली होती. त्याआधी त्यांनी पावतीशिवाय काही लिहिल्याचं कुणाला आठवत नाही. एका गाळप हंगामात काय झालं कोण जाणे, माणूस एकदम लिहीतच सुटला.

मी शेतकी ऑफिसात बसतो. आमची खिडकी काट्यासमोरच असल्यामुळे सोपानरावांचं वाङ्मय मला उन्हाळा-हिवाळा फुकट मिळत आलं. ऊस घेऊन आलेला माणूस त्यांच्या तावडीतून सुटायचा नाही. भरलेली गाडी काट्यावर चढली की वजन उमटायचं, पण पावती हातात पडायची नाही. सोपानराव पावतीवर तळवा ठेवून विचारायचे, "एक प्रसंग ऐकता?" ट्रॅक्टर काट्यावर, पावती तळव्याखाली, नाही म्हणायची सोय कुणाला? बैलगाडीवाले तर म्हणायचे, आमच्यापेक्षा आमच्या बैलांना गोष्ट जास्त पाठ झाली.

दुसऱ्याच्या गोष्टीवर मात्र ते कडक. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की खरा ऊस किती ते कळतं. हाच हिशेब ते सगळ्या जगाला लावायचे. मी एकदा मेव्हण्याच्या लग्नातली फजिती चांगली रंगवून अर्धा तास सांगितली. सोपानरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, गाडीच जड हाय. ऊस न्हाय."

पण त्यांच्या जिभेवर सगळ्यात जास्त वेळा यायचं ते हे नव्हे. ते होतं, "आमच्या हिचं म्हणणं असं हाय..." ही म्हणजे त्यांची बायको. वरकुट्याहून रोज मोटारसायकलवर येताना डब्याबरोबर ते या बाईची मतंही बांधून आणायचे. "आमच्या हिचं म्हणणं असं हाय की मध्यंतर लवकर आलं." "आमच्या हिला गाणं पटंना." चीफ केमिस्टनं एकदा मोठ्या मनानं सुचवलं, की शेवटी नायकानं बंगला बांधावा. दुसऱ्या दिवशी सोपानराव त्याला ऊस पडतो त्या गव्हाणीपाशी गाठून म्हणाले, "हिनं न्हाय म्हणून सांगितलंय. बंगला कॅन्सल."

आम्ही या बाईला कधी पाहिलेलं नव्हतं. मागं एकदा तिला झटका येऊन गेल्याचं कानावर होतं. पण जिची मतं रोज सकाळी ताजी ऐकायला मिळतात, तिची तब्येत विचारावी असं कुणाला वाटेल? आम्ही एवढंच ठरवून टाकलं होतं, की घरात ही बाई बोलते आणि सोपानराव टिपून घेतात. ऑफिसात त्यांना सगळे 'स्टेनो' म्हणायचे. हे नाव मी ठेवलं होतं आणि त्याचा मला बराच अभिमान होता.

पटकथाही तशीच होती. एक काटा क्लार्क, त्याची बायको, आणि बायको बोलते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोलते. भरतात कूट किती घालावं, शेजारणीची सून नळावर कुणाकडं बघत नाही, नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण कुठं गेलं, देवळातला स्पीकर कुणी बिघडवला. मी विचारलं, "अहो, यात घडतं काय?" सोपानराव म्हणाले, "ती बोलती की."

या मालाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून त्यांनी हाल काढले. पुण्याला जाऊन एका निर्मात्याच्या जिन्यात दिवसभर बसले. निर्माता म्हणाला, उसाचं आता कुणाला काय, द्राक्षं करा. सोपानरावांनी उभा ऊस मोडून द्राक्षं लावली. दुसऱ्यानं मुंबईहून फोनवर सांगितलं, क्लार्क नको, इन्स्पेक्टर करा. केला. तिसऱ्याला समुद्र हवा होता. इंदापूर तालुक्यात समुद्र आणायचा कुठून? सोपानरावांनी उजनी धरणाचं पाणी वाढवत वाढवत इतकं नेलं, की इन्स्पेक्टर द्राक्षांच्या बागेतून थेट बोटीत उतरायला लागला. स्वाभिमान नावाची गोष्ट या माणसाला दिलेली नाही, असं माझं ठाम मत झालं. बायको मात्र प्रत्येक खर्ड्यात तशीच. बोटीत बसूनही ती कुटाबद्दलच बोलायची.

गेल्या हंगामात आमच्याकडे एक दिग्दर्शक आले. त्यांना शूटिंगसाठी उसाचे फड बघायचे होते आणि त्यांना फिरवून आणायचं काम वरिष्ठांनी माझ्या गळ्यात घातलं. माळेगाव, कऱ्हाटी, सगळीकडे मी त्यांना जीपमधून हिंडवलं. गृहस्थ भला होता. जेवताना म्हणाला, इकडची बोली लिहिणारा कुणी भेटला तर हवाच आहे. मी पापणी न लववता म्हणालो, "आहे ना. मीच घडवलाय त्याला." पडद्यावर आभार म्हणून आपलं नाव येईल, इथपर्यंत मी त्या एका घासात पोचलो होतो.

सोपानरावांनी वही दिली. द्राक्षांच्या आधीची, मूळ उसाची. दिग्दर्शकांनी ती दोन दिवस ठेवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आम्हा दोघांना गेस्ट हाऊसवर बोलावलं.

"अस्सल आहे," ते म्हणाले. सोपानरावांनी हातातल्या चहाच्या कपात तिसऱ्यांदा साखर घातली. "मला करायचाय हा चित्रपट. फक्त एकच बदल. ही बाई फार बोलते. हिला मुकी करा."

"मुकी?"

"एक अक्षर बोलायचं नाही. नुसती नजर. बघा, काय ताकद येते! परदेशातले लोक उभे राहून टाळ्या वाजवतील."

मी मनात टाळ्या वाजवल्या. उसाची द्राक्षं करणाऱ्याला एक बाई गप्प करायला कितीसा वेळ! सोपानरावांनी कप खाली ठेवला. वही उचलली, तिचे कान सरळ केले आणि म्हणाले, "न्हाय."

"तुम्ही विचार करा, घाई नाही."

"केला. न्हाय जमायचं." आणि नमस्कार करून ते सरळ काट्यावर निघून गेले. रांग लागली होती.

माझं डोकं फिरलं. रात्रभर... नाही, खोटं कशाला बोलू, रात्री मी चांगला झोपलो. पण सकाळी उठलो तो राग घेऊनच. काट्यावर गेलो तेव्हा तिथं चार-सहा ड्रायव्हर, मुकादम असे सगळे होते. मी सगळ्यांच्या देखत बोललो. "अकरा वर्षं जिने झिजवले आणि लक्ष्मी दारात आली तर बायकोला भ्यायलात? बोटीत बसवली, बागेत बसवली, तिथं लाज वाटली नाही. आता म्हणे न्हाय! विचारा घरी त्या बाईला, एकदा गप्प बसायचं काय घेशील?"

ड्रायव्हर हसले. सोपानराव पावती लिहीत होते. ती पुरी केली, फाडून ड्रायव्हरला दिली. तळवा ठेवला नाही.

"तुमीच या साहेब घरी," ते म्हणाले. "रविवारी. तुमीच विचारा तिला."

मी गेलो. मला खरोखरच विचारायचं होतं. वाटेत मोटारसायकलवर मी वाक्यंसुद्धा जुळवत होतो.

वरकुट्यात त्यांचं पत्र्याचं घर डाळिंबाच्या बागेला लागून आहे. ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक बाई बसली होती. डोक्यावर पदर नीट घेतलेला, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. डाव्या हातात चमचा आणि पुढ्यातल्या स्टुलावर पालथं घातलेलं स्टीलचं ताट. सोपानराव समोर पोत्यावर बसून वाचत होते.

"ती म्हणती, अवो, सदरा काढा, बटण लावते."

ताट दोनदा वाजलं. टण, टण.

"बरं. ती म्हणती, अवो, बटण गेलं कुठं तुमचं?"

टण, टण.

सोपानरावांनी पेन्सिल कानावरून काढली, थोडा विचार केला. "ती म्हणती, एक बटण सांभाळता येत न्हाय, कारखान्याचा काटा कसा सांभाळता वो तुमी?"

बाईचा चेहरा एका बाजूनं हसला. ताट एकदाच वाजलं. टण.

"पास," म्हणत सोपानरावांनी लिहून घेतलं आणि मग त्यांना मी दिसलो. "या, या. ही आमची ही. झटका आला तवापासनं वाचा गेली. पर समजतं सगळं. एक वाजवली की व्हय, दोन वाजवल्या की न्हाय. आधी लई बोलायची, साहेब. घर भरून बोलायची. मी कधी ध्यान दिलं न्हाय. आता एकेक वाक्य शोधून आणतो आन् इचारतो, तू असंच म्हणली असतीस का?"

मी पायरीवरच बसलो. स्टेनो हे नाव मी ठेवलं होतं. ते मला त्या पायरीवर आठवलं आणि तोंड कुठं लपवावं कळेना.

"त्या दिवशी गेस्ट हाऊसवरनं आल्यावर हिला सगळं सांगितलं," सोपानराव म्हणाले. "मुकी केली तर पिच्चर व्हतोय, करू का म्हणलं. हिनं लगेच एक वाजवली."

"एक? म्हणजे..."

"व्हय. कर म्हणली." त्यांनी वही मिटली. "मी म्हणलं, न्हाय. अकरा वर्षांत पहिल्यांदा हिचं ऐकलं न्हाय."

बाईनं चमचा उचलून त्यांच्या गुडघ्यावर हलकेच मारला. मग माझ्याकडं बघितलं.

"हं, हे शेतकीतले साहेब," सोपानराव तिला म्हणाले. "तुला काहीतरी इचारायला आलेत बघ."

मी म्हणालो, "काही नाही वहिनी. सहज आलो होतो."

टण, टण.

"न्हाय म्हणती. इचारा म्हणती."

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य माझ्याजवळ उरलं नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, पुढचा प्रसंग ऐकायला थांबलो तर चालेल का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग ताट एकदा वाजलं, आणि सोपानरावांनी बसायला दुसरं पोतं झटकलं.